काशिनाथदादांची नऊ पानं

कुणाच्याही टेबलावर पसारा दिसला की मी दोन्ही हात पाठीमागे नेतो आणि बोटं एकमेकांत अडकवून उभा राहतो. बायको म्हणते, शाळेच्या प्रार्थनेला उभा आहेस की काय. पण कुणाला न विचारता आवरायची मला सवय होती, आणि ती मोडायला एका माणसाची नोकरी जावी लागली. त्यांचं नाव काशिनाथ. आडनाव लिहीत नाही. त्यांच्या मुलीने तेवढी एकच अट घातली आहे.

माझं काम लोकांना पटकन सांगता येत नाही. संगणक दुरुस्त करणारा मी नव्हे आणि प्रोग्रॅम लिहिणाराही पुरता नव्हे. ऑफिसातली मशीनं चालती ठेवायची, कुणाचं काम कुठे साठतं ते बघायचं, बिघडलं की शिव्या खायच्या आणि बिघडलं नाही तर कुणाच्या लक्षातही राहायचं नाही, असं ते काम. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोजवळ, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हे काम करत होतो. खाली गाडी मागे घेताना कंडक्टर शिट्टी मारायचा आणि आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या.

ऑफिस होतं सरदेसाई मॅडमचं. परदेशातल्या संस्था जुन्या पुस्तकांची, रजिस्टरांची पानं फोटो काढून पाठवत. आमचे बारा ऑपरेटर ती पडद्यावर बघून जशीच्या तशी टाइप करत. पान झालं की खिडकी बंद करायची. बंद केली की ते पान आपोआप ‘झालेलं’ नावाच्या फोल्डरात जाई, आणि त्या फोल्डरातलं सगळं दर बुधवारी परदेशी रवाना होई. हा आपोआपचा भाग मी लिहिलेला होता. मला त्याचा अभिमान होता.

मशीनवर लिनक्स होतं. ते फुकट होतं, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी ते चढवलं होतं आणि मुख्य म्हणजे ते महिनोन्‌महिने बंद पडत नसे. ऑपरेटर संध्याकाळी फक्त पडदा विझवून जात. सकाळी पडदा लावला की काल जिथे सोडलं तिथेच सगळं.

काशिनाथदादा खिडकीजवळच्या मशीनवर बसत. तेव्हा ते पंचावन्नच्या आसपास होते. घर ठाण्याच्या कोळीवाड्यात. वडील खाडीत मासे मारायचे. खाडीचं पाणी काळं झालं तेव्हा दादा टेंभी नाक्याजवळच्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले. पंचवीस वर्षांनी छापखाना बंद झाला, तेव्हा पोरांच्या वर्गात बसून टायपिंग शिकले. वेग बेताचाच होता, पण त्यांच्या पानात चूक सापडत नसे. आमची शुभांगी, जी सगळ्यात वेगवान होती आणि तोंडानेही तितकीच, ती म्हणायची, “दादा, तुमचं एक पान होतं तोवर माझं लग्न होऊन बाळंतपण होईल.”

दादा मान वर न करता म्हणायचे, “होऊ दे ना. बारशाची पत्रिका मी तपासून देईन. तुझ्या हातची असली तर पोराचं नावच चुकलेलं असंल.”

त्या वर्षी आम्हाला समुद्राचं काम मिळालं होतं. किनाऱ्यावरच्या लहान लहान बंदरांत पूर्वी रोज भरती-ओहोटी मोजून रजिस्टरात लिहीत. किती वाजता पाणी चढलं, किती फूट चढलं. कुणा संशोधकांना ते आकडे हवे होते. पानं वाळवी लागलेली, शाई पसरलेली. तीन आणि आठ, एक आणि सात ओळखू येत नसत. नियम असा होता की आकडा लागला नाही तर तिथे प्रश्नचिन्ह घालून पुढे जायचं. बाकीचे अकरा जण तेच करत.

दादा प्रश्नचिन्ह घालत नसत. एकदा मी त्यांच्या मागे उभा होतो. ते पडद्याकडे बोट करून म्हणाले, “हे बघ मिलिंदराव, हितं आठ दिसतोय. पन आठ नसंल. ह्या ओळीपासून पानी उतरतंय, रोज थोडं थोडं. म्हंजे भांग लागलाय, अष्टमीची बारकी भरती. भांगाचं पानी एवढं चढणार कसं? हा तीन हाय.”

“मग तीन घाला की.”

“वाटतंय म्हणून घालू? पुढच्या महिन्याचं पान येऊ दे. तिथला भांग बघतो, मंग घालतो.”

पानं वाटली जात ती क्रमाने नाही, मशीन वाटेल तशी. पुढच्या महिन्याचं पान कधी पंधरा दिवसांनी यायचं. तोवर दादा दिसतो तो आकडा तात्पुरता घालून ते संशयाचं पान उघडंच ठेवायचे. त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. पण एकावर एक नीट नव्हे. प्रत्येक खिडकीचा एक कोपरा बाहेर राहील अशी सरकवलेली. छापखान्यात ज्या प्रुफाबद्दल शंका असे त्याचा कोपरा ते गठ्ठ्यातून बाहेर काढून ठेवत. पडद्यावरही त्यांनी तेच चालवलं होतं. डावीकडे वरचा कोपरा असेल तर आकडा संशयाचा, खालचा असेल तर तारीख. मला हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसायचा तो पसारा.

याच सुमारास मला लाद्यांचं वेड लागलं. तो प्रकार सोपा आहे. नेहमीच्या संगणकावर खिडक्या टेबलावरच्या कागदांसारख्या असतात, एक दुसरीवर पडते, खालची झाकली जाते, मग माऊसने ओढाओढ. परदेशातल्या कुणा विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहून फुकट वाटला होता. त्यात खिडक्या जमिनीवरच्या लाद्यांसारख्या बसत. एक उघडली तर पूर्ण पडदा तिचा. दुसरी उघडली की पडद्याचे दोन भाग. तिसरी उघडली की तीन. कुणी कुणावर पडायचं नाही, काहीही झाकलं जायचं नाही. आणि सगळं की-बोर्डवरून, माऊसला हात न लावता.

मी तो घरी, डोंबिवलीला, माझ्या मशीनवर चढवला आणि मला जणू नवा चष्मा मिळाला. आमच्या कामाला तो अगदी बेतून शिवल्यासारखा होता. डावीकडे जुन्या पानाचा फोटो, उजवीकडे टायपिंग. मॅडमना दाखवलं. त्या खूष झाल्या. म्हणाल्या, “कधी करतोयस?” मी म्हटलं, “या रविवारी.” ऑपरेटरना सांगायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

खरं तर तेव्हा मी ज्याला त्याला लाद्या बसवून देत सुटलो होतो. कल्याणच्या एका होमिओपॅथ डॉक्टरांना मी त्या आग्रहाने बसवून दिल्या. चौथ्या दिवशी त्यांचा फोन. “अहो, चार पेशंटचे केसपेपर उघडले तर प्रत्येकाची निम्मी लक्षणं दिसतात. निम्म्या लक्षणांवर औषध देऊ का?” मी जाऊन काढून आलो आणि वाटेत त्यांनाच मनात अडाणी ठरवलं. माणूस आपल्या सोयीने खिडक्या मांडतो, त्यात त्याचं काही शहाणपण असेल, ही शंका मला तेव्हाही आली नाही.

रविवारी दुपारी ऑफिसात मी एकटा. नवा प्रोग्रॅम चढवायचा तर आधी उघड्या खिडक्या बंद करायला हव्यात. सरसकट मशीन बंद केलं असतं तर टाइप केलेलं काम गेलं असतं. म्हणून मी काळजी घेतली. प्रत्येक मशीनवरची प्रत्येक खिडकी आधी सेव्ह करून मग नीट बंद करणारी चार ओळींची आज्ञा लिहिली. कुणाचं एक अक्षर वाया जाऊ द्यायचं नाही, असं ठरवून. बारा मशीनं, दीड तास. मग सगळे माऊस काढून कपाटात टाकले. पडदे इतके स्वच्छ दिसत होते की घरी निघताना मी दारातून पुन्हा वळून बघितलं.

सोमवारी गोंधळ झाला, तो मला अपेक्षित होता. शुभांगी म्हणाली, “मिलिंद, पुढच्या रविवारी खुर्च्या पण नेणार आहेस का? सांगून ठेव, मी चटई आणते.” पण दुपारपर्यंत तिची बोटं बसली आणि संध्याकाळी तिने नेहमीपेक्षा जास्त पानं केली.

दादा सकाळी माझ्याकडे आले. “माझी पानं कुठं गेली?”

“सेव्ह केलीत सगळी. एक अक्षर गेलेलं नाही.”

“सेव्ह केलीत म्हंजे कुठं ठेवलीत? ती झालेली नव्हती. नऊ पानं होती.”

मी दुसऱ्या एका मशीनवर वाकलो होतो. म्हटलं, “असतील दादा तिथेच. बघतो.”

दुपारी ते पुन्हा आले. मी पुन्हा म्हटलं, बघतो. मंगळवारी पुन्हा. तेव्हा मी जरा चिडून म्हणालो, “दादा, नवीन गोष्टीला थोडा वेळ द्या ना.” त्यांना वाटलं असावं की मी त्यांना म्हातारा म्हणतोय. मी म्हणतच होतो. त्यानंतर ते आले नाहीत. ‘झालेलं’ फोल्डरात त्या आठवड्याची हजारभर पानं होती. त्यातून ते आठवणीने आपली पानं शोधत बसले. चार सापडली. ती दुरुस्त केली. उरलेल्या पाचांचे क्रमांक त्यांनी कुठे लिहिलेले नव्हते. कोपरे होते ना. बुधवारी संध्याकाळी सगळा माल गेला.

नऊ पानं ‘झालेलं’मध्ये का गेली हे मला मंगळवारीच कळायला हवं होतं. खिडकी बंद केली की पान झालं, हा नियम माझाच. बंद मीच केल्या. बाकीचे शनिवारी हातातलं पान संपवूनच घरी जात, म्हणून फटका एकट्या दादांना बसला.

महिन्याभराने परदेशातून पत्र आलं. त्यांनी तपासणी केली होती आणि पाच पानांवर अशक्य आकडे होते. एका ठिकाणी ओहोटीचं पाणी त्याच दिवसाच्या भरतीपेक्षा जास्त. पानांवर प्रश्नचिन्ह एकही नाही. पुढचं काम त्यांनी थांबवून धरलं होतं आणि काय झालं याचा खुलासा मागितला होता. पाचही पानं काशिनाथदादांची.

मॅडमनी आम्हा दोघांना आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर पत्र होतं. त्या ओरडल्या नाहीत. बाई चांगल्या होत्या, हे लिहायला हवं. म्हणाल्या, “दादा, शंका होती तर प्रश्नचिन्ह का नाही घातलं?”

“शंका होती म्हणून तर उघडी ठेवली होती. मी बंद केली नव्हती, मॅडम.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. “लॉग काय सांगतो?”

लॉग म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेली नोंद. कुठलं पान कुठल्या मशीनवर किती वाजता बंद झालं. मी तो आदल्या दिवशीच उघडून बघितला होता. पाचही पानांपुढे रविवार होता, दुपारचे तीन वाजून काही मिनिटं.

मी म्हणालो, “पानं दादांच्याच मशीनवरून बंद झालेली आहेत.”

यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच तो इतकी वर्षं माझ्या घशात राहिला आहे. खोटं बोललो असतो तर कदाचित लवकर कबूल केलं असतं.

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी पत्राकडे बघत होतो. खाली कंडक्टरची शिट्टी वाजत होती, गाडी मागे येत होती. काचा थरथरल्या आणि थांबल्या. मग दादा म्हणाले, “मशीन म्हणतंय तर असंल.”

मी का गप्प बसलो, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. नोकरीची भीती नव्हती. त्या दिवसांत माझ्यासारख्याला दुसरीकडे आठवड्यात काम मिळालं असतं. मला भीती होती की रविवारचं नाव निघालं तर मॅडम म्हणतील, काढून टाक तुझ्या त्या लाद्या, दे सगळ्यांना माऊस परत. एवढंच. पडद्यावरच्या चार रेघांसाठी मी एक माणूस दिला.

खुलासा परदेशी गेला: संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून दूर केले आहे. काम पुन्हा सुरू झालं. शेवटच्या दिवशी दादांनी डबा, चष्म्याचं घर आणि भरती-ओहोटीचं लहानसं कॅलेंडर पिशवीत टाकलं. शुभांगी रडत होती. तिला ते म्हणाले, “अगं, बारशाला येईन ना.” माझ्या टेबलाशी थांबले. म्हणाले, “येतो मिलिंदराव.” मी उठून उभाही राहिलो नाही. की-बोर्डवर काहीतरी करत असल्यासारखं दाखवलं.

खोपटपासून कोळीवाडा चालत फार तर अर्धा तास. स्टेशनवरून त्याहून कमी. पुढची किती वर्षं मी रोज ठाण्याला उतरलो, ऑफिसं बदलली तरी ठाणं सुटलं नाही. त्या अर्ध्या तासाचं अंतर मला एकोणीस वर्षांत कापता आलं नाही.

मग एकदा डोंबिवलीच्या बाजारात शुभांगी भेटली. केस पांढरे, बरोबर कॉलेजातला मुलगा. म्हणाली, “दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गेले होते बघायला. तुझी चौकशी करत होते.”

“काय म्हणाले?”

“विचारत होते, मिलिंदराव अजून लाद्याच बसवतो का. जाऊन ये रे एकदा.”

पुढच्या रविवारी गेलो. दादा ओटीवर खुर्चीत बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. मुलगी जवळच सुकट निवडत होती. मी नाव सांगितलं. “आवाजावरून ओळखला,” म्हणाले. मी बसण्याआधीच बोलायला लागलो. रविवार, चार ओळींची आज्ञा, लॉग, तीन वाजून काही मिनिटं. पाठ केल्यासारखं सगळं. मुलीचे हात थांबले.

दादा म्हणाले, “माहीत हाय मला. सोमवारीच कळलं. रविवारी हापिसात तुझ्याशिवाय कोन होतं?”

“मग मॅडमसमोर बोलला का नाहीत?”

“बोललो की. मी बंद केली नाय म्हणलो. माझं वाक्य तेवढंच होतं. पुढचं वाक्य तुझं होतं.”

मी म्हणालो, “दादा, मला माफ करा.”

मुलगी आत जायला उठली. जाताना म्हणाली, “एका वर्षात आला असतात तर काम परत मिळालं असतं. बाबा वर्षभर रोज डबा भरून घेऊन तलावपाळीवर जाऊन बसत होते. आईला सांगितलं नव्हतं.”

दादांनी तिला हाताने गप्प केलं. पण ती म्हणाली ते खोटं आहे, असं म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, “ती पाच पानं नंतर सुधारली का कुनी?”

मला माहीत नव्हतं. ती पानं पुन्हा कुणी केली, केली की नाही, केली तर आठाचे तीन झाले की तिथे पाच प्रश्नचिन्हं बसली, मी कधी विचारलंच नव्हतं. एकोणीस वर्षं मी माझा अपराध कुरवाळत बसलो होतो. त्या माणसाला पानांची काळजी होती.

घरी येऊन माळ्यावरच्या खोक्यातून बॅकअपच्या जुन्या सीड्या काढल्या. समुद्राच्या कामाची सीडी तिसऱ्या प्रयत्नाला वाचली गेली. पानांचे क्रमांक शोधावे लागले नाहीत, मला ते पाठ आहेत. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन पुन्हा गेलो. या वेळी मुलीने चहा आणून ठेवला आणि आत गेली.

डावीकडे जुनं पान, उजवीकडे आकडे. दादांनी पडद्याजवळ तोंड नेलं. “ही तीच तुझी लादी?”

“हो.”

“चांगली होती रे. दोन पानं शेजारी शेजारी दिसायची. मला कोपरा पायजे होता, बास.”

आम्ही दोन तास बसलो. मी पुढच्या मागच्या महिन्यांची पानं काढून देत होतो. दादा बोटाने ओळ धरून पाणी चढवत, उतरवत होते. मधेच पुटपुटत, “आता उधाण... आता पडला भांग.” चार पानं लागली. मी आकडे बदलले. ते बदलून आता कुणाचं काही होणार नव्हतं. ज्यांना हवे होते त्यांचा अभ्यास कधीच संपला असेल.

पाचव्या पानावर दादा अडकले. शाईचा मोठा डाग होता. पुढच्या महिन्याचं पान सीडीवर नव्हतं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मी म्हणालो, “प्रश्नचिन्ह घालू का?”

“नको.”

“मग?”

“उघडं ठेव. पुढलं पान मिळालं तर बघू.”

दादा गेल्या पावसाळ्यात गेले. ते पुढचं पान मला कुठे मिळालेलं नाही. मी अजून लाद्याच वापरतो, बोटांना आता दुसरं काही जमत नाही. लाद्यांमध्ये एखादी खिडकी दुसरीखाली सरकवून दडवता येत नाही. उघडी असेल तर ती जागा घेणार, रोज डोळ्यांसमोर राहणार. माझ्या घरच्या मशीनवर पडद्याचा उजवा तिसरा भाग त्या पानाचा आहे, शाईच्या डागासकट. बाकीचं काम उरलेल्या जागेत करतो. थोडं दाटीचं होतं. ते पान मी बंद केलेलं नाही.